जुना रेडिएटर आणि आमचा हिशेब

वसईतील मे महिन्याची रात्र ज्यांनी विजेवाचून काढली आहे, त्यांना तिचे वर्णन निराळे करून सांगावयास नको. वारा पडलेला असतो, अंगाला घामाची चिकटी असते आणि माडांची झावळी जागच्या जागी स्तब्ध उभी असते. २०२३ सालच्या मे महिन्यात अशाच एका रात्री, साडेअकराच्या सुमारास, आमच्या निवासातील दूरध्वनी खणखणला. चर्चच्या आवारात धर्मभगिनी एक लहानसा वृद्धाश्रम चालवितात. तेथील प्रमुख सिस्टर बोलत होत्या. "फादर, जनरेटर बंद पडला. आजींचे यंत्र थांबले. सिलिंडर लावला आहे. पण आपल्याकडे दुसरा नाही."

हवेतून प्राणवायू वेगळा काढून देणारे ते यंत्र, ज्याला कॉन्सन्ट्रेटर म्हणतात, केवळ साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज खाते. परंतु ती वीज अखंड लागते. आम्ही धावत गेलो. आजी उशीला टेकून बसल्या होत्या. एका हाताने त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली होती आणि डोळे दाराकडे लागले होते. त्या काहीच बोलल्या नाहीत. पहाटे तीनच्या सुमारास वीज आली, तेव्हा सिलिंडरचा काटा तळाला टेकत आला होता. आजी वाचल्या. आम्हांला मात्र सकाळपर्यंत झोप आली नाही.

झोप न येण्यास आणखी एक कारण होते आणि ते येथे सांगितलेच पाहिजे. त्या रात्री चर्चच्या हॉलमध्ये एक समारंभ होता. वीज जाताच हॉलमधील वातानुकूलन यंत्रेही त्याच जनरेटरवर चालली होती. त्यास परवानगी आमचीच होती. चाळीस मिनिटांत जनरेटरचे पाणी उकळले आणि इंजिनाने स्वतःला बंद करून घेतले.

सकाळी आमच्या पॅरिशमधील एक जुने मिस्त्री आले. आयुष्यभर त्यांनी टेम्पो, ट्रक आणि शेतावरची पंपांची इंजिने दुरुस्त केलेली. त्यांनी रेडिएटर उतरविला, उलटा केला आणि आतून तांबूस-पांढरा गाळ बाहेर ओतून आम्हांस दाखविला. "ह्यात विहिरीचं पाणी कोण घालत होतं, फादर?" त्यांनी विचारले. घालीत होता माळी. पण घालावयास सांगितले होते आम्ही. कूलंटच्या डब्याची किंमत आम्हांस अकारण वाटली होती. आमच्या पट्ट्यातील विहिरींचे पाणी किती जड आणि मचूळ असते, हे आम्ही लहानपणापासून जाणतो. त्याच पाण्याने चहाच्या किटलीच्या तळाशी बसलेला पांढरा थर आम्ही रोज पाहतो. तो थर इंजिनाच्या पोटातही बसेल, हे मात्र आमच्या ध्यानी आले नाही. रेडिएटरच्या नळ्या कुजल्या होत्या. डाग देऊन भागण्यासारखे नव्हते. इंजिन जुन्या बनावटीचे असल्याने तसा नवा रेडिएटर मिळावयास सहा-सात आठवडे लागतील असे समजले, आणि त्याची किंमत ऐकून आमच्या खजिनदारांनी चष्मा पुसावयास घेतला. वृद्धाश्रमाच्या छपरासाठी जमविलेला निधी सोडल्यास एवढी रक्कम आमच्यापाशी नव्हती.

तेव्हा मिस्त्रींनी तोडगा सुचविला. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून मोडीत निघालेल्या मालवाहू टेम्पोचा तांब्या-पितळेचा रेडिएटर आणावयाचा, तो जनरेटरच्या खोलीबाहेर उत्तरेकडील भिंतीच्या सावलीत बसवावयाचा आणि त्याला स्वतंत्र विजेचा पंखा जोडावयाचा. "टेम्पोचं इंजिन सत्तर हॉर्सपॉवरचं, आपलं पस्तीसचं. सत्तराला पुरला तो पस्तीसाला पुरणार नाही का?" हा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटला. चार दिवसांत रेडिएटर आला. दरम्यान भाड्याचा जनरेटर आणून आम्ही दिवस काढीत होतो.

आमच्या सॅक्रिस्टनची मुलगी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन एका कारखान्यात नोकरी करते. रविवारी मिस्सा आटोपल्यावर ती तो रेडिएटर पाहावयास आली आणि तिने एकच प्रश्न विचारला. "फादर, हा किती उष्णता बाहेर टाकतो, ते कुणी मोजलं आहे का?" मिस्त्री हसले. "बाय, रेडिएटर काय मोजायचा असतो? तो चालतो, नाहीतर गळतो." आम्हीही हसलो. पण तिचा प्रश्न मनातून जाईना.

वाचकहो, रेडिएटर म्हणजे तरी काय? गरम चहा आपण बशीत ओततो, कारण बशीत तो पसरतो आणि त्याला अधिक हवा लागते. रेडिएटर ही अशीच एक बशी आहे. फक्त तिच्या शेकडो घड्या घातलेल्या आहेत. इंजिनातील गरम पाणी चपट्या नळ्यांतून उतरते, नळ्यांना पातळ पत्र्यांच्या पात्या जोडलेल्या असतात आणि त्यांमधून पंखा हवा खेळवितो. विल्हेल्म मायबाख यांनी १९००-०१ मध्ये मर्सिडीज मोटारीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला, त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. उद्देश हाच, की थोडक्या जागेत हवेला भिडणारा पृष्ठभाग जितका वाढविता येईल तितका वाढवावा. नावावरून वाटते तशी ह्या यंत्रातून उष्णता मुख्यतः प्रारणाने जात नाही. ती वाहत्या हवेबरोबर जाते. म्हणजे नाव एक आणि काम दुसरे असा हा प्रकार आहे.

इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा उपयोगी कामाला लागतो, एक धुराड्यातून निघून जातो आणि एक पाण्याच्या माथी पडतो. त्यामुळे एक सोपा अडाखा बांधता येतो, की जनरेटर जितके किलोवॅट वीज देतो, साधारण तितकेच किलोवॅट उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. आमचा जनरेटर २५ केव्हीएचा, म्हणजे पूर्ण भारावर २० किलोवॅट वीज देणारा. घरातील दहा मोठे गीझर एकाच वेळी चालू असावेत, एवढी उष्णता त्या रेडिएटरला हवेत सोडावयास हवी होती. टेम्पोच्या बाबतीत ती सोडावयास इंजिनाचा जबरदस्त पंखा होता, धावत्या गाडीचा वारा होता आणि रेडिएटर नवा होता. आमच्या भिंतीपाशी ह्या तिहींपैकी काहीच नव्हते. मिस्त्रींच्या बिनतोड युक्तिवादात हे छिद्र होते, आणि ते आमच्या लक्षात आले नव्हते.

पुढच्या शनिवारी सकाळी चर्चच्या मागील अंगणात चाचणी मांडली गेली. सणाच्या जेवणावळीत वापरतो ती मोठी गॅसची शेगडी, झाकण असलेले एक लोखंडी पिंप, गरम पाणी सोसणारा लहान पंप, पंधरा लिटरची बादली, शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेले दोन तापमापक आणि मिस्त्रींच्या मनगटावरील घड्याळ, एवढीच सामग्री. रेडिएटरला तोच पंखा लावला होता, जो पुढे कायम राहावयाचा होता. कारण पंखा बदलला तर मोजलेला आकडा निरुपयोगी होतो, असे त्या मुलीचे म्हणणे पडले. आम्ही जपमाळ बाजूला ठेवून वही-पेन्सिल घेतली.

पाणी ७० अंशांपर्यंत तापले. पंप सुरू झाला. हवा ३० अंशांवर होती. रेडिएटरच्या तोंडाशी ७० आणि खालच्या नळीत ६०! पूर्ण दहा अंशांचा फरक. मिस्त्रींनी वरच्या टाकीला हात लावला, तो चटकन मागे घेतला. मग खालच्या टाकीवर तळहात टेकवून त्यांनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिले. "वर चटका, खाली गार. अजून काय पाहिजे?" आम्हांसही आनंद झाला. आम्ही वही मिटली देखील.

"आता बादली," ती मुलगी म्हणाली. तिने परतीची नळी पिंपातून काढून बादलीत सोडली. बादली भरता भरेना. एक मिनिट गेले, दीड मिनिट गेले. पंधरा लिटर भरावयास १०० सेकंद लागले. तिने वहीत हिशेब मांडला. एक लिटर पाणी एक अंशाने थंड होते, तेव्हा सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १५ लिटर, १० अंश, म्हणजे ६३० किलोज्यूल; आणि तीही १०० सेकंदांत. भागाकार ६.३ किलोवॅट. हवे होते २०.

खालची टाकी गार लागत होती ती रेडिएटर चांगला होता म्हणून नव्हे, तर पाणी आत रेंगाळत होते म्हणून. अर्ध्याअधिक नळ्या तुंबलेल्या होत्या. उरलेल्या नळ्यांतून संथ गतीने ठिबकणारे पाणी थंड होणारच; परंतु असे थोडके पाणी पुष्कळ थंड करून इंजिनाचे काय भले होणार? जो रेडिएटर हाताला उत्तम वाटला, तो दोषामुळेच उत्तम वाटला होता. मिस्त्रींनी पुन्हा हात लावून पाहिला. पात्यांवरून बोटे फिरविताना उभे थंड पट्टे त्यांनाच प्रथम लागले. "बाय बरोबर बोलते," ते खालच्या आवाजात म्हणाले.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात आमचे एक वयोवृद्ध प्राध्यापक होते. कुणी घाईने निष्कर्ष काढला, की ते बोट वर करून लॅटिनमध्ये एकच शब्द उच्चारीत, 'दिस्तिंग्वो', म्हणजे 'मी येथे भेद करतो'. एका शब्दाच्या पोटात दोन अर्थ दडलेले असतील, तर ते आधी वेगळे करावेत आणि मगच होय-नाही म्हणावे, ही ती शिस्त. तापमान आणि उष्णता ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आम्ही शाळेत पाठ केले होते. पण त्या शनिवारी, भरता न भरणाऱ्या बादलीपाशी उभे असताना, तो भेद आम्हांला खऱ्या अर्थाने कळला.

मग सफाईचा आठवडा आला. मिस्त्रींनी डाग सोडवून दोन्ही टाक्या उतरविल्या आणि प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून गाळ खरवडून काढला. नंतर कोमट पाण्यात सायट्रिक आम्ल, ज्याला आपल्या स्वयंपाकघरात लिंबूसत्त्व म्हणतात, विरघळवून ते नळ्यांतून फिरविले. पिवळट पाणी बाहेर येत राहिले. वाकलेल्या पात्या त्यांनी कंगव्यासारख्या हत्याराने एकेक करून सरळ केल्या. हे काम करताना त्या वयातही त्यांचा हात थरथरत नव्हता. टाक्या परत जोडून, हवा भरून रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडविला. दोन ठिकाणी बुडबुडे आले. तेथे पुन्हा डाग दिला. ही विद्या त्या मुलीपाशी नव्हती आणि तिने ती त्यांच्याकडून बारकाईने पाहून घेतली.

दुसऱ्या चाचणीत बादली १८ सेकंदांत भरली. तापमानाचा फरक आता तीन अंशही भरेना. येथे एक नवीच अडचण उभी राहिली. दोन्ही तापमापक एकाच भांड्यात बुडविले, तर त्यांच्यातच दीड अंशाचे अंतर! तीन अंश मोजावयाचे आणि मापात दीड अंशाची चूक, मग उरते काय? तेव्हा तिने दुसरा मार्ग काढला. पिंपात आणि रेडिएटरात मिळून मोजून दहा बादल्या, म्हणजे १५० किलो पाणी होते. शेगडी बंद करून आणि ती बाजूला सरकवून, ते सारे पाणी ७० वरून ६० अंशांवर यावयास किती वेळ लागतो, एवढेच घड्याळावर पाहावयाचे. त्यासाठी एकच तापमापक पुरतो आणि अंतरही दहा अंशांचे, ऐसपैस.

मिस्त्री घड्याळ धरून बसले. साडेदहा मिनिटे लागली. १५० किलो, दहा अंश, म्हणजे ६,३०० किलोज्यूल. आणि वेळ ६३० सेकंद. बरोबर १० किलोवॅट. रेडिएटर वगळून नुसते झाकलेले पिंप किती उष्णता गमावते, तेही तिने वेगळे पाहून ठेवले होते. सुमारे अर्धा किलोवॅट. तो वजा जाता साडेनऊ उरले. लोखंडाच्या पिंपाची आणि रेडिएटरच्या धातूची उष्णता हिशेबात धरली नव्हती. ती धरली असती तर आकडा किंचित वाढला असता. ती वाढ तिने मुद्दाम सोडून दिली. चूक व्हायचीच असेल तर ती सावधपणाच्या बाजूने व्हावी, असे तिचे मत होते.

ह्या साडेनऊ किलोवॅटवरून मे महिन्याच्या दुपारचा अंदाज कसा बांधावयाचा? येथे न्यूटन साहाय्यास आला. १७०१ साली त्याने लंडनच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' ह्या नियतकालिकात, स्वतःचे नावही न घालता, एक लॅटिन लेख प्रसिद्ध केला. तापविलेला लोखंडाचा तुकडा एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवून त्याने असे प्रतिपादन केले, की वस्तू आणि हवा यांच्या तापमानांत जितके अंतर, त्या प्रमाणात उष्णता बाहेर पडते. पंखा तोच आणि पाण्याचा प्रवाहही तोच ठेवला, तर आमच्या रेडिएटरलाही हाच नियम पुरेसा लागू होतो. चाचणीत पाणी सरासरी ६५ अंशांवर आणि हवा ३० वर, म्हणजे अंतर ३५. साडेनऊ हजार वॅटना ३५ ने भागले, की आला सुमारे २७०. तापमानाच्या अंतरातील प्रत्येक अंशामागे हा रेडिएटर २७० वॅट बाहेर टाकतो. सफाईपूर्वी हाच आकडा जेमतेम १५७ होता. ह्या एका आकड्यासाठी आम्ही दोन शनिवार खर्ची घातले होते आणि ते वाया गेले नव्हते.

आणखी दोन गोष्टी तपासून घेतल्या. झडप फिरवून पाण्याचा प्रवाह अर्ध्यावर आणला, तेव्हा उष्णतेत साधारण दहाव्या हिश्शाचीच घट आली. पण रेडिएटरच्या तोंडावर पुठ्ठा धरून अर्धी हवा अडविली, तर एक तृतीयांशाहून अधिक घट! कारण साधे आहे. पाणी धातूला उष्णता सहज देते. हवा ती नाखुशीने घेते. अशा यंत्रातील मुख्य अडथळा हवेच्या बाजूला असतो. म्हणून पात्यांवर बसलेली धूळ, सावरीच्या कापसाचा एखादा पुंजका किंवा पंख्यासमोर ठेवलेली एक खुर्ची ही पंपाच्या किरकोळ दोषाहून अधिक घातक ठरते.

मग अखेरचा हिशेब. मे महिन्यात भिंतीपाशी हवा ४० अंशांवर जाईल असे धरले. पाणी ९० च्या वर जाऊ द्यावयाचे नाही. अंतर ५०. म्हणजे १३,५०० वॅट. धूळ, पुढे साचणारा क्षार आणि आमच्या मापातील चुका ह्यांसाठी पाचवा हिस्सा सोडला; उरले पावणेअकरा किलोवॅटच्या आसपास. अर्ध्या भारावर इंजिन पाण्याला अर्ध्याहून किंचित जास्त उष्णता देते, सुमारे ११ किलोवॅट. तेव्हा निकाल स्पष्ट होता. कुर्ल्याहून आणलेला हा रेडिएटर टाकाऊ नव्हता आणि पुरेसाही नव्हता. अर्ध्या भाराला, १० किलोवॅट विजेला, तो विश्वासाने पुरणार होता, त्यापुढे नाही.

वृद्धाश्रमाची गरज आम्ही खोलीखोलीतून फिरून लिहून काढली. दोन कॉन्सन्ट्रेटर, औषधांचा फ्रिज, पंखे, दिवे, पाण्याचा पंप आणि रेडिएटरचा स्वतःचा पंखा मिळून सुमारे ६ किलोवॅट. पंप सुरू होताना घेतो तो जादा झटका धरूनही दहाच्या आत. हॉलची वातानुकूलन यंत्रे आणि रोषणाई मात्र एकटीच १२ किलोवॅटची होती. ती जनरेटरवरून कायमची तोडावी लागणार होती. पॅरिश कौन्सिलच्या सभेत हे सांगितले, तेव्हा काही क्षण कुणीच बोलले नाही. हॉलचे भाडे हे आमच्या उत्पन्नाचे एक साधन आहे, आणि जनरेटरसह हॉल अशी त्याची ख्याती होती.

जूनच्या प्रारंभी, पावसापूर्वी, रेडिएटर जागेवर बसला. विहिरीच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी आणि गंजरोधक कूलंट भरले. कसोटी म्हणून मुद्दाम गीझर आणि हीटर जोडून भार १५ किलोवॅटवर नेला. भिंतीपाशी हवा ३४ अंश. आमच्या हिशेबाने पाणी ९१ वर स्थिरावयास हवे होते. आम्ही सारे काट्याकडे पाहत उभे होतो. अर्ध्या तासाने काटा ९३ वर येऊन थांबला. ज्या पिंपात आम्ही नाताळाचे जेवण शिजवितो, त्याने वर्तविलेला आकडा दोन अंशांच्या आत खरा ठरला, ह्याचे आम्हांस आजही नवल वाटते. मिस्त्रींनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

परंतु खरी कसोटी पुढच्या वर्षी आली. मे २०२४ मध्ये आमच्या पॅरिशमधील एका सज्जनांच्या कन्येचे लग्न होते. वृद्धाश्रमाच्या छपरासाठी सर्वांत मोठी देणगी त्यांचीच. ते आम्हांस भेटावयास आले. "फादर, फक्त दोन तासांचा प्रश्न आहे. तुमच्या जनरेटरने पंधरा किलोवॅट ओढले, हे सगळ्यांना ठाऊक आहे." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. नाही म्हणावयास आमची जीभ रेटेना. आम्ही त्यांना बसवून वही काढली. वृद्धाश्रमाचे सहा आणि हॉलचे बारा, मिळून अठरा. अठरा हजार भागिले २७०, म्हणजे ६७ अंशांचे अंतर. रात्रीची हवा ३२ धरली, तरी पाणी ९९ च्या घरात. इंजिन ९८ वर स्वतःला बंद करते. शिवाय वर्षभराची धूळ पात्यांवर होती, ती वेगळीच. वीज गेली नाही तर काहीच होणार नाही. गेली, तर दोन तासांच्या आत जनरेटर थांबणार आणि मागच्या खोलीतील यंत्रही थांबणार.

ते वहीकडे पाहत राहिले. "आकड्यांवर एवढा विश्वास, फादर?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "आकड्यांवर नव्हे, मागच्या वेळी आम्ही न मोजताच होकार दिला होता, ती रात्र आम्ही विसरलो नाही." त्यांनी लग्नासाठी बाहेरून जनरेटर भाड्याने आणला. लग्न थाटात झाले. त्या रात्री वीज गेलीच नाही. ह्याची आठवण ते आम्हांस अधूनमधून करून देतात, आणि पूर्वीइतके मोकळेपणाने आता ते आमच्याशी बोलत नाहीत. ह्याचे दुःख आहे. पण दिलेले उत्तर बदलावे असे वाटत नाही.

जनरेटरच्या खोलीच्या दारावर आम्ही एक कागद चिकटविला आहे. त्यावर कोणत्या वस्तू चालवावयाच्या ह्यांची यादी, '१० किलोवॅट' हा आकडा आणि 'विहिरीचे पाणी घालू नये' ही सूचना आहे. ही शेवटची ओळ आम्ही स्वतःच्या हाताने लिहिली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मिस्त्री ब्रश घेऊन येतात आणि पात्यांवरील धूळ झाडतात. ती मुलगी वर्षातून एकदा पिंप मांडते. ह्या वर्षीचा आकडा २५५ आला आहे. आम्ही सोडलेल्या पाचव्या हिश्शापैकी थोडा खर्ची पडला आहे, पुष्कळ शिल्लक आहे. २०० च्या खाली गेला तर नव्या रेडिएटरसाठी झोळी फिरवावी लागेल, असे कौन्सिलला लेखी कळवून ठेवले आहे.

आजी त्या घटनेनंतर वर्षभर जगल्या आणि शांतपणे गेल्या. त्यांच्या पलंगावर आता दुसऱ्या एक आजी असतात. त्यांनाही तेच यंत्र लागते. वीज गेली की आम्ही आजही उठून खिडकीशी जातो. अंगणापलीकडे इंजिनाची घरघर सुरू होते, वृद्धाश्रमाच्या खिडक्या उजळतात, आणि हॉल मात्र काळोखात राहतो. थोडा वेळ तो आवाज ऐकून आम्ही परत अंथरुणावर येतो.